रंकाळ्याच्या मापानं

लेहच्या विमानतळावरून हॉटेलात आल्या आल्या टूर मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवून बजावलं, की आज आणि उद्या कुणीही काहीही करायचं नाही. जिने चढायचे नाहीत, अंघोळ करायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ असते, अंगाला तिची सवय होऊ द्यायची, नुसतं पडून राहायचं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "म्हंजे काय न करायचं एवढं पैसं घेतलासा व्हय?"

आवाज असा, की तीनपैकी एक नियम तिथल्या तिथं निकालात निघाला.

हे आप्पा. सत्तरीला टेकलेले, कोल्हापूरचे, गुळाचे अडते. अंगात जाडजूड जॅकेट, डोक्याला कानटोपी आणि पायात, त्या थंडीतही, कोल्हापुरी चप्पल. चपलेचा अंगठा मोज्यात शिरत नाही म्हणून दोन्ही मोज्यांना पुढून कात्री लावलेली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, ती भोकं व्यवस्थित शिवून, काठ दुमडून दिली होती. म्हणजे हा तात्पुरता इलाज नव्हता, घरानं मान्य केलेला पोशाख होता.

आप्पांचा दिवस चाळीस वर्षं एकाच जागी उजाडत आलाय. पहाटे रंकाळा तलावाला एक चक्कर, चारेक किलोमीटरची. मग गंगावेशीत म्हशीच्या धारेचं फेसाळ दूध, ग्लासाला तोंड लावून. मग दुकान. त्यामुळे झालंय असं, की जगातलं कुठलंही पाणी दिसलं की आप्पांच्या मनातून रंकाळा उठून येतो आणि त्या पाण्याला पाठ लावून उभा राहतो. उंची मोजली जाते. निकाल ठरलेला असतो. नैनितालचा तलाव त्यांनी पाहिला होता: "बरा हाय, पण भेळ खात बसाय कट्टा न्हाई." उदयपूरचा पिछोला पाहिला होता: "राजवाडा पाण्यात बांधलाय. आमचा शालिनी पॅलेस काठावर हाय, पाय भिजत न्हाईत." श्रीनगरचं दल सरोवर पाहिलं होतं: "घरं पाण्यात, दुकानं पाण्यात. मग माणसानं फिराय जायचं कुठं?"

असा माणूस प्रत्येक टूरमध्ये एक असतोच. नागपूरकर असला तर उन्हाचं माप घेऊन फिरतो आणि राजस्थानात ऐन मे महिन्यात स्वेटर शोधल्याचं नाटक करतो. मुंबईकर असला तर युरोपातलं अंतरही स्टेशनांत सांगतो: दादर ते कल्याण, फास्ट लोकल. त्यांना हसायचा अधिकार मला नाही, कारण मी त्याहून वाईट जातीचा. माझ्या खिशात वही असते. जाण्याआधी महिनाभर वाचून मी तिच्यात आकडे भरतो: उंची, लांबी, रुंदी. आम्ही बघायला निघालेल्या पँगाँग त्सोची दोन पानं भरली होती. त्यातल्या एकाही आकड्याचा मला नेमका अर्थ लागलेला नव्हता, हे मला आप्पांच्या शेजारी बसल्यावर कळलं.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये माझी जागा त्यांच्याशेजारी आली. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सिंधूच्या काठानं कारू, तिथून डावीकडे वळून शक्ती, मग चढ. चढ म्हणजे काय, ते खिडकीतून खाली बघेपर्यंत कळत नाही. खिंडीचं नाव चांग ला. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड, 'त्सो' म्हणजे तळं. मी ही माहिती दिली. आप्पांनी बाहेर बघितलं. डोंगराला खरडून काढलेल्या वाटेवर समोरून लष्कराच्या ट्रकांची रांग उतरत होती आणि आमच्या गाडीचं बाहेरचं चाक दिसत नव्हतं.

"चांगला?" आप्पा म्हणाले. "हिला चांगला म्हणतासा?"

वरच्या पाटीवर 17,688 फूट लिहिलंय. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. आमच्यातले निम्मे लोक गाडीतच डोकं धरून बसले, उरलेले पाटीजवळ फोटो काढून पाच मिनिटांत परत आले. आप्पा खाली उतरले, दहा पावलं चालले आणि थांबले. श्वास निम्मा येत होता, बोलायची इच्छा पुरी होती, त्यामुळे शब्द तुकड्यातुकड्यानं आले.

"पावणं. कोल्हापूर. किती उंचीवर?"

"साडेपाचशे मीटर. थोडं जास्तच."

"आन् हे?"

"पाच हजार तीनशेच्या वर."

त्यांनी मनात भागाकार केला. अडतदाराचा भागाकार, पाटी-पेन्सिल लागत नाही. "साडेनऊ कोल्हापुरं. एकावर एक." मग कानटोपी खाली ओढून म्हणाले, "तरीच दम लागतोय. साडेनऊ गावं चढून आलोय."

वहीत मी लिहिलं होतं: चांग ला, सुमारे 5,360 मीटर. महिनाभर ते माझ्या खिशात नुसतं पडून होतं.

खिंड उतरून दुरबुक, तांगत्से. तांगत्सेनंतर दरी रुंद होते. वाटेत कुरणावर गुबगुबीत मार्मोट मागच्या पायांवर उभे राहून गाड्या मोजत असतात. त्यांच्याकडे बघून काकी एवढंच म्हणाल्या, "अगदी आमच्या शेजारच्या खिडकीतल्या." काकी दिवसातून तीनचार वाक्यं बोलत, पण एकही वाया जात नसे.

आणि मग वळणावर, तपकिरी डोंगरांच्या बेचक्यात, निळ्या रंगाचा एक लहानसा त्रिकोण दिसला. गाडीत एकदम शांतता पसरली. पँगाँगचं पहिलं दर्शन असंच होतं. आजूबाजूला झाड नाही, हिरवळ नाही, सगळीकडे माती आणि दगड, आणि मध्येच कुणीतरी शाईची दौत लवंडावी तसं ते. रंग खरा वाटत नाही. टूरमधल्या साताऱ्याच्या मामींनी हात जोडले. ठाण्याच्या नवविवाहित जोडप्यानं एकमेकांचा हात धरला.

"रंकाळ्याएवढाच हाय की," आप्पा म्हणाले.

त्यांची काही चूक नव्हती. तेवढाच दिसत होता. पण गाडी पुढे गेली, डोंगर बाजूला सरले आणि त्रिकोण रुंदावत गेला. त्याचा पट्टा झाला, पट्ट्याचं दुसरं टोक दिसेना. लुकुंगला आम्ही काठावर उतरलो तेव्हा उजव्या हाताला पाणी जे सुरू झालं होतं ते पुढे डोंगर वाकतात तिथं वळून नाहीसं होत होतं आणि वळणापलीकडेही ते चालूच असणार हे उघड होतं. आप्पा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. माणसाला आपलं माप अपुरं पडतंय असा संशय आला की चेहऱ्यावर जे येतं ते आलं होतं.

"लांबी?" त्यांनी विचारलं.

मी वही काढली. "134 किलोमीटर."

"असं न्हाई. कुठनं कुठवर?"

इथं माझी वही संपली. आप्पांनी स्वतःच हिशेब मांडला. कोल्हापुरातनं निघायचं, हायवे धरायचा. किणीचा टोलनाका. पेठ नाका. कऱ्हाड. उंब्रज. सातारा. "सातारा कोल्हापूरपासनं सव्वाशेच्या आतच. म्हंजे साताऱ्याच्या पुढं वाढ्याच्या पुलापर्यंत सगळं पाणीच पाणी." आता प्रथमच त्यांच्या आवाजात रंकाळा नव्हता. "आरं तिच्या मारी."

"पण ते सगळं आपलं नाही," मी म्हणालो. "आपल्या बाजूला एक तृतीयांशच. पंचेचाळीस किलोमीटर धरा. बाकीचं तिबेटात, चीनकडे."

"पंचेचाळीस म्हंजे पेठ नाका." आप्पा गंभीर झाले. "म्हंजे पेठ नाक्यापर्यंत आपलं. तिथनं पुढं कऱ्हाड, सातारा, सगळं चीनकडं?"

"सातारा कुणी दिला चीनला?" साताऱ्याच्या मामी मागून कडाडल्या. त्यांनी अर्धंच संभाषण ऐकलं होतं.

"मामी, उदाहरण चाललंय."

"उदाहरणात कोल्हापूर द्या की. तुमचं गाव तेवढं भारतात ठेवलंत आणि आमचं दिलंत होय?"

हा वाद रात्री जेवणापर्यंत पुरला. शेवटी तडजोड अशी झाली, की मोजणी साताऱ्याहून सुरू करून कोल्हापूर चीनकडे टाकायचं. आप्पांनी ती ऐकून घेतली, पण मान्य केली नाही. "मग आम्ही स्वतंत्र राहतो," एवढंच म्हणाले.

रुंदीचं मोजमाप सोपं गेलं. जास्तीत जास्त पाच किलोमीटर. "रंकाळ्याची अख्खी चक्कर उलगडून सुतळीगत आडवी टाकली," आप्पा म्हणाले, "तरी पल्याडच्या काठाला लागत न्हाई." आणि समोरच्या काठाकडे बोट दाखवून त्या उरलेल्या किलोमीटरची जागाही त्यांनी दाखवली. मीही तिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ते तळं किती रुंद आहे ते डोळ्यांनी दिसलं.

काठावर जत्रा होती. 2009 साली 'थ्री इडियट्स' आला, त्याचा शेवट इथं चित्रित झालेला, आणि तेव्हापासून या तळ्याला पिवळ्या स्कूटरची साथ लागली. एक स्कूटर असती तर प्रश्न नव्हता, इथं ओळीनं उभ्या आहेत. शेजारी सिनेमातल्यासारख्या त्या चमत्कारिक आकाराच्या खुर्च्या. स्कूटरवर बसून फोटो काढायचे पैसे. आप्पांनी एका स्कूटरचा ब्रेक दाबून पाहिला, किक मारून पाहिली, मालकाला विचारलं, "चालू हैं क्या?" तो म्हणाला नाही, फोटोसाठी आहे. "बंद गाडीपे बैठने का पैसा?" आप्पांनी विचारलं आणि उत्तर न ऐकता पाण्याकडे निघाले. मधेच मागे वळून मला म्हणाले, "चालू असती तर बसलो असतो."

आणि मग ते घडलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आप्पा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. चप्पल बाजूला काढून ठेवली होती. उजव्या हाताची तर्जनी पाण्यात बुडवली, एक पेर, जास्त नाही. बोट वर काढलं, क्षणभर हवेत धरलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. डोळे मिटले. मला आठवलं, आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं: सौद्याला गुळाचा रवा आला की ते नखानं कण काढून असाच जिभेवर ठेवतात आणि ऊस कुठल्या गावचा, गुऱ्हाळात किती उकळला, चुना जास्त झालाय का, हे सांगतात. बाजारात त्यांच्या जिभेवर भाव ठरत. आता ती जीभ चौदा हजार फुटांवरच्या तळ्याचा भाव ठरवत होती. दोनदा टाळ्याला लागली. मग डोळे उघडले.

"शिरोळ," ते म्हणाले.

"काय?"

"खारट हाय. पण मिठाचं खारट न्हाई, मातीचं खारट. शिरोळकडं क्षारपड जमिनी हाईत, त्यातल्या उसाचा गूळ असा लागतो. आम्ही हातात धरत न्हाई." त्यांनी पाण्याकडे, मग मागच्या डोंगराकडं, मग पुन्हा पाण्याकडं पाहिलं. "निचरा न्हाई ह्याला."

माझ्या वहीत पानभर लिहिलेलं होतं: चारी बाजूंनी बंद खोरं, बर्फाचं वितळलेलं पाणी ओढ्यांतून येतं, बाहेर जायला वाट नाही, बाष्प होऊन उडतं ते पाणी आणि मागे राहतात ते क्षार. एक पान. आप्पांनी एका बोटावर ते सांगितलं होतं.

"तिकडं भी असंच झालं," ते म्हणाले. "कॅनॉल आला, लोकांनी उसाला पाणी पाजपाज पाजलं, खाली जायला वाट न्हाई. पाणी उडालं, मीठ वर आलं. जमीन फुलली बर्फागत, पण तिच्यात काय उगवत न्हाई. पाण्याचा दोष न्हाई, पावणं. येणारं गोडच असतंय. ते जात न्हाई हे वाईट." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, काकी ऐकत नाहीत याची खात्री करून घेत, "आमच्या मेव्हण्यागत. गोड म्हणून आला. ऱ्हायला. खारट झाला."

"भाऊ माझा आहे," काकी मागूनच म्हणाल्या.

विषय बदलायला मी घाईनं सांगितलं, की पूर्वी निचरा होता. फार पूर्वी या तळ्याचं पाणी तांगत्सेच्या बाजूनं बाहेर पडून श्योक नदीला मिळायचं आणि श्योकमधून सिंधूला. मग त्या वाटेत डोंगरावरचा दगडमातीचा लोंढा येऊन बसला आणि तोंड बुजलं. निचरा असायचा तेव्हा तळं आत्ताहून बरंच उंच भरलेलं होतं. आप्पा उठून उभे राहिले आणि समोरच्या उघड्या डोंगराच्या उतारावर त्यांनी हात आडवा फिरवला.

"तिथवर?"

मी पाहिलं. पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर, मातीच्या उतारावर, एकाखाली एक अशा फिकट आडव्या रेघा होत्या. जुने काठ. पुस्तकात त्यांचा उल्लेख वाचला होता, पण तासभर त्यांच्यासमोर उभा राहून त्या मला दिसल्या नव्हत्या.

"तुम्हाला कशा दिसल्या?"

"आमच्या घराच्या भिंतीवर हाईत की तसल्या. 2005 ची एक, 2019 ची एक, 2021 ची एक. पंचगंगेनं मारून ठेवलीयात. पूर बघितलेल्या माणसाला रेघ लगीच दिसती."

पुढच्या गावाचं नाव स्पांगमिक. तिथं तंबूंच्या छावणीत मुक्काम होता. वाटेत आप्पांनी ड्रायव्हरला सरहद्दीविषयी विचारलं. ड्रायव्हर लडाखी, वयानं लहान, पण आप्पा त्याला 'आचो-ले' म्हणत. आचो म्हणजे थोरला भाऊ, 'ले' आदरार्थी. लेहच्या बाजारात कुणीतरी शिकवलं होतं. ड्रायव्हर लाजायचा. त्यानं दूरवरच्या उत्तर काठाकडे बोट केलं. डोंगराच्या सोंडा तिथं एकामागून एक पाण्यात उतरतात, पंजाची बोटं पसरावीत तशा. म्हणून त्यांना 'फिंगर' म्हणतात आणि त्यांना नंबर आहेत. 2020 मध्ये त्यातल्या चार ते आठ नंबरच्या बोटांमधल्या जागेवरून दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली होती, 2021 च्या फेब्रुवारीत या काठांवरून मागे सरली.

"हद्दीचा दगड कुठाय?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं, की दगड नाही. ती रेघ दोघांच्या नकाशात वेगवेगळ्या जागी आहे.

आप्पा समजूतदारपणे हसले. या माणसाच्या भावकीत तीन पिढ्यांचा दावा चालू आहे. "मग तो दरवर्षी नांगरट करताना बांध कोरत असणार. वीतभर, वीतभर. आपण घरात जेवत असतोय तवा." त्यानंतर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तुमच्याकडं तलाठी कोण आहे. ड्रायव्हरला हा प्रश्न कळला नाही. कळला असता तरी उत्तर नव्हतं.

या काठावर 2024 च्या डिसेंबरात सैन्यानं शिवाजी महाराजांचा पुतळा उभारलाय, 14,300 फुटांवर. ही बातमी मात्र मी सांगायची गरज नव्हती. ती आप्पांनीच आम्हाला, टूर मॅनेजरला, चांग लावर चहा देणाऱ्या जवानाला आणि लेहमध्ये सुक्या जर्दाळूंच्या दुकानदाराला सांगून झाली होती. "महाराज आधी पोचलेत," ते म्हणायचे, "म्हणून तर आम्ही आलो. वाट झाली हुती." भूगोलाच्या दृष्टीनं हे विधान तपासता येत नाही. मी तपासलंही नाही.

रात्री जेवणाच्या तंबूत, डाळभाताच्या वाफेत, आप्पांनी ड्रायव्हरला रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगितली. काठावर नंदीचं देऊळ आहे. नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. त्यांच्या हिंदीत ही गोष्ट अशी झाली: "बैल है. पत्थर का. एक गेहूं आगे, एक चावल पीछे. पानी को लगा, खतम." ड्रायव्हरनं घाबरून विचारलं, अजून किती दूर आहे. ठाण्याच्या नवरदेवानं मध्येच शंका काढली, की बासमतीचा दाणा तर गव्हाहून लांब असतो. मग नंदी तळ्यापासून लांब जायला हवा.

तंबूत शांतता पसरली. आप्पांनी वाटी खाली ठेवली.

"बासमती दिल्लीत," ते म्हणाले. "आमच्यात आजरा घनसाळ. बारीक दाणा, वास येतोय गल्लीभर. गव्हापुढं निम्मा. म्हणून नंदी पुढं सरकतोय." आणि ड्रायव्हरकडे वळून, "लेकिन बहुत धीरे, आचो-ले. डरना नहीं."

मीही वहीतला एक आकडा टाकला. हे तळं खारट असूनही हिवाळ्यात अख्खं गोठतं. 2023 च्या फेब्रुवारीत लोक त्याच्यावरून 21 किलोमीटर धावले, लुकुंगपासून मान गावापर्यंत, आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. आप्पांनी बोटं मोजली. "पाच चकरा," ते म्हणाले. "मी रोज एक मारतो. पाच दिवसाचं काम हाय. आन् आमच्यात पाय घसरत न्हाई." पण म्हणताना त्यांनी तंबूची कनात बाजूला करून अंधारातल्या पाण्याकडे पाहिलं आणि शेवटचं वाक्य त्यांनाच फारसं पटलेलं दिसलं नाही.

पहाटे साडेपाचला मी बाहेर आलो तेव्हा ते काठावरच्या दगडावर बसले होते. ब्लँकेट गुंडाळून, चपला घालून. हात हलवून त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. रंग बदलत होता. आधी राखेसारखं करडं पाणी. मग सूर्य पलीकडच्या शिखरांवर आला तशी दुधात नीळ पडावी तशी छटा. मग काठाजवळ हिरवट, आत निळं, त्याच्या आत जवळजवळ जांभळं, आणि ढगाची सावली फिरली की सगळी वाटणी पुन्हा पहिल्यापासून. कारणं मला ठाऊक होती: पाण्यात गाळ नाही, तळ खोल जातो तिथं निळा गडद होतो, विरळ हवेतलं लख्ख ऊन, आभाळाचं प्रतिबिंब. मी ती सांगायला तोंड उघडलं आणि आप्पांनी पुन्हा हात हलवला.

"सौदा चाललाय," ते हळूच म्हणाले. "रंग ठरू द्या."

गुळाला रंगावर भाव असतो. पिवळा धमक एक भाव, तांबूस दुसरा, काळपट तिसरा. आप्पा तासभर बसले होते आणि माल त्यांच्यासमोर दर पाच मिनिटांनी रंग बदलत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भाव ठरवता येत नव्हता.

तेवढ्यात पाण्यावर नारिंगी पक्ष्यांची एक जोडी उतरली. चक्रवाक. अंग विटेच्या रंगाचं, डोकं फिकट. आवाज भरड, गाढवाच्या शिंगरासारखा. मला एक गोष्ट पक्की माहीत होती आणि ती सांगायची संधी मी सोडली नाही: हे पक्षी उन्हाळ्यात इकडे वीण घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, थव्यानं दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा पट्टकादंब हंसही तसाच.

आप्पा ब्लँकेटसकट उभे राहिले. "भिगवणला? ही?"

"हो."

"म्हंजे ही आमच्याकडची."

"नाही आप्पा. इकडची. तिकडं नुसती हिवाळ्याला..."

"हिवाळाभर आमच्यात खायाचं-प्यायाचं, आन् बाळंतपणाला इकडं? ही माहेरवाशिणीची पद्धत. सासर आमच्यात." मग त्यांना खरा मुद्दा सुचला. "पण भिगवणपर्यंत आली, मग रंकाळा काय लांब हाय? उडत तासाची वाट."

काकी तंबूतून चहाचा पेला घेऊन आल्या. पाण्याकडे बघून म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे." आणि आप्पांकडे बघून, "केंदाळ नाही."

आप्पांनी चहा घेतला. केंदाळावर काहीच बोलले नाहीत. रंकाळ्यावर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते, गटाराचं पाणी येतं, वास सुटतो, हे सगळं त्यांना रोज पहाटे चालताना दिसत असणार. पण प्रवासाला निघताना ते घरीच ठेवून, आरशासारखा जुना रंकाळा तेवढा त्यांनी बरोबर आणला होता. परतीच्या वाटेवर चांग ला चढताना ते खिडकीला डोकं लावून झोपले, की झोपल्याचं दाखवलं, कोण जाणे.

पुढं सहा-सात महिन्यांनी, जानेवारीत, सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला.

"पावणं, जागं हाईसा न्हवं? रंकाळ्यावर हाय मी. दोन आल्यात."

"कोण दोन?"

"तुमची ती. विटकरी. पँगाँगवाली. सरळ वरनं आल्यात. आवाज भी तसाच. शिंगरागत."

मी सांगू लागलो, की एवढ्या लांबून ओळखणं अवघड असतं, दुसरीही बदकं असतात. त्यांनी ऐकलं नाही. फोन कानाला तसाच धरून ते काठावर कुठंतरी चालत होते, कारण मला चपलेची करकर ऐकू येत होती आणि मागे कुणीतरी "आप्पा, आज चक्कर उलटी?" असं विचारत होतं.

"घिरट्या घालाल्यात," ते म्हणाले. "बघाल्यात खाली. बसत्यात बहुतेक."

मग काही वेळ नुसता वारा. चपलेची करकर थांबली.

"बसली का?" मी विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "एक चक्कर मारली आन् गेली. तिकडं, उजनीकडं."

मी काही बोललो नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग फोन कानापासून लांब धरून ते मागच्या कुणाला तरी विचारताना ऐकू आलं, "गड्या, केंदाळ काढायची ती होडी कुणाकडं असती रं?"